हात धुताना दिसलेले वळ

तुम्ही दोघे मराठी सावकाश वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठे काढते आहे. हे इंग्रजीत लिहिले असते तर तुमचे काम लवकर झाले असते. माझेही झाले असते. आयुष्यभर हायस्कुलात मी इंग्रजीच शिकवले. पण ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसले आहे तिच्यातली माणसे आपल्या भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत बोलली. त्यांचे बोलणे मी इंग्रजीत नेले तर ती सगळी माझ्यासारखीच बोलू लागतील, आणि ते खरे होणार नाही.

आत्ताच का, तेही सांगते. गेल्या रविवारी फोनवर मोठी कंटाळलेली दिसली. सुट्टीच्या दिवशी ती ज्या पाळणाघरात काम करते, तिथे कामावर घेण्याआधी तिला एक प्रशिक्षण घ्यावे लागले. मुलाच्या अंगावर काही दिसले, वागण्यात काही खटकले, तर कुणाला आणि कसे कळवायचे, ह्याचे. ती म्हणाली, "आजी, एवढं सगळं कशाला? तुमच्या गावात असतं का असलं काही?" धाकटा मागून ओरडला, "गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे काय गरज?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुमची जेवायची वेळ झाली आणि फोन बंद झाला. उत्तर तसेच राहिले, ते आज लिहिते.

आपल्या सानगडीला बाजाराच्या मागे धानाचे जुने गोदाम आहे. लहानपणी तुम्ही तिथे पकडापकडी खेळला आहात. मी निवृत्त झाल्यावर महिला मंडळाने आणि मी मिळून ते झाडून-पुसून घेतले, भिंतींना चुना दिला आणि तिथे बालवाडी सुरू केली. मी शिस्तीची बाई आहे, हे तुमचे बाबा तुम्हाला हसत हसत सांगतातच. बालवाडीतही माझे काही हट्ट आहेत. त्यातला एक हात धुण्याचा. खाऊच्या आधी मुले ओळीने उभी राहतात. नळाखाली सोडली तर बोटांची टोके ओली करून पळतात, म्हणून आमची ताई प्रत्येकाच्या बाह्या स्वतः वर सारते, कोपरापर्यंत हात चोळते आणि लोट्याने पाणी घालते. वेळ फार जातो. एका पालकाने मला सुनावलेही होते, "मॅडम, पोट्टे शिकाले येते का आंघोळीले?" पण ह्या पद्धतीमुळे रोज प्रत्येक मुलाचे दोन्ही हात कुणाच्या तरी डोळ्यांखालून जातात.

ताई म्हणजे आमच्या बालवाडीची शिक्षिका. माहेर करडीचे, इथे सून म्हणून आली. बारावी झालेली, पुढे बालशिक्षणाचा कोर्स केलेला, गळा गोड आणि आवाज खणखणीत. मुले तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

आम्ही दोघी एकदा भंडाऱ्याला प्रशिक्षणाला गेलो होतो. मोठीला जे शिकवले, तेच तिथे एका वकिलांनी शिकवले. ते म्हणाले, "पुरावा गोळा करणं, मुलाची उलटतपासणी घेणं, घरी जाऊन समज देणं, यातलं काहीही तुमचं काम नाही. शंका आली की कळवायचं. आणि ते तुमच्या मर्जीवर नाही, कायद्यानं तुमच्यावर आहे." तेव्हा मागच्या रांगेतली एक अंगणवाडीची बाई उठली.

"सर, दोन थापडा तं सगळ्याच घरी पडते. मंग सगळं गावच गाडीत बसवून नेसान का?"

हॉल हसला. वकीलही हसले. "गाडी कुणासाठी आणायची ते आम्ही पाहू, बाई. तुम्ही फक्त हाक मारा."

परतताना बसमध्ये लाखनी मागे पडल्यावर ताई म्हणाली, "सांगाले सोपं हाय, मॅडम. आपल्या गावात कोन कोनाचं लागत नाई?" धाकट्या, तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बसमध्येच आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात, हीच तर अडचण असते.

आता त्या मुलीबद्दल. नुकते चौथे सरलेले, केस कुरळे, बोलणे कमी. सकाळी आली की दप्तरही न ठेवता ताईजवळ जायची आणि सांगायची, "ताई, आज म्या वल्लं नाई केलं." म्हणजे रात्री अंथरूण ओले केले नाही. ताई म्हणायची, "शाब्बास." पण ज्या दिवशी ती हे सांगत नसे, त्या दिवशी ती कोपऱ्यातल्या टेबलाखाली बसून राही आणि खाऊलाच बाहेर येई. तिचे वडील नागपूरला कंपनीत होते, महिन्यातून एकदा येत. आई रोवणे, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांच्या टोळीत जाई. सकाळी निघाली की संध्याकाळीच परत. मुलीला आणायला-न्यायला असे तिची आजी, वडिलांची आई.

ती आजी माझ्याच वयाची, आणि माझ्या ओळखीची. हळदीकुंकवाला आम्ही शेजारी बसायचो. लाखोळीच्या डाळीचे वडे तिच्यासारखे गावात कुणाला जमत नाहीत, आणि ते केले की माझ्या घरी पाठवल्याशिवाय ती राहत नसे. कामाला वाघ, बोलायला फटकळ. मला ती आवडायची. हे मुद्दाम लिहिते आहे. असे करणारे माणूस दिसायला वेगळे असते असे तुम्हाला वाटू नये.

रोवण्याचे दिवस होते. हवा दमट, अंगाला कपडा नकोसा वाटावा अशी, आणि ती मुलगी पूर्ण बाह्यांचा जाड फ्रॉक घालून आली. सकाळी ताईला काही सांगितले नाही. हात धुवायच्या ओळीत ताईने तिची बाही वर सारली. मनगटाभोवती दोराचा वळ होता. दुसऱ्या मनगटावर तसाच. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दोन चटके, उलथण्याच्या टोकाच्या आकाराचे. एक वाळलेला, एक ताजा. मी शेजारीच टॉवेल घेऊन उभी होते, मलाही दिसले. ताईने पाणी घालायचा हात थांबवला नाही. चटक्याला धक्का न लावता तिने ते हात धुतले, बाही खाली केली, म्हणाली, "झालं, बेटा," आणि पुढच्या मुलाला घेतले.

इथे एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे घरांच्या मागे बोडी असते, म्हणजे शेताला पाणी देणारे लहान तळे. रोवण्याच्या दिवसांत ती काठोकाठ असते, तरुण बाया शेतावर, आणि घरी एखादी म्हातारी व चालते मूल. म्हातारीचा डोळा लागला आणि मूल बोडीकडे गेले, असे फार गावांत झाले आहे. म्हणून जुन्या लुगड्याची मऊ चिंधी मुलाच्या कमरेला बांधतात आणि तिचे दुसरे टोक खाटेच्या पायाला. तुमच्या बाबांनाही त्यांच्या आजीने असे बांधले होते, विचारा त्यांना. त्यामुळे मुलाला बांधले म्हटले तर गावात कुणी चमकत नाही. "बोडीच्या भेवानं बांधलं," एवढे उत्तर पुरते.

खाऊची ताटे वाटून झाल्यावर आम्ही दोघी धान्याच्या खोलीत गेलो.

"कमरेले चिंधी बांधते, मॅडम," ताई म्हणाली. "हाताले दोर कोनी बांधते का? थो बी दोन्ही हाताले?"

"आणि चटके बोडीच्या भीतीने देत नाहीत," मी म्हटले.

पुढे काय करायचे ह्यावर आम्हाला वाद घालावा लागला नाही. वाद झाला तो फोन कुणी करायचा ह्यावर. ती मुलगी ताईच्या सासरच्या भावकीतली. दोन्ही घरांची मधली भिंत एक. मी म्हटले, "फोन मी करते. माझं काय बिघडणार आहे? तुला त्या घराशेजारी नांदायचंय."

"पाह्यलं म्या. फोनबी मीच करीन."

"मीही पाहिलं."

"तुमाले टॉवेलाआडून दिसलं असन. बाही म्या सारली." एवढ्या वेळातही तिला चेष्टा सुचली, आणि मला बरे वाटले.

मुलांच्या मदतीसाठी सरकारचा फोन असतो. तो तिने लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे एकेक गोष्ट विचारली आणि ताईने जे दिसले तेवढेच सांगितले, एक शब्द जास्त नाही. कोणी केले असेल हे तिने सांगितले नाही, कारण ते आम्ही पाहिले नव्हते. नाव विचारल्यावर पूर्ण नाव सांगितले. ते गुप्त ठेवतो असे पलीकडून म्हणाले असावेत, कारण ताई म्हणाली, "गुप्त ठेवा नाई तं उघडं ठेवा, पन लवकर या." जिल्ह्याची माणसे दुपारनंतर पोहोचणार होती. तोवर मुलीला काही विचारू नका आणि शक्यतो बालवाडीतच ठेवा, असे त्यांनी सांगितले. ते सोपे होते. रोवण्याच्या दिवसांत आयांसाठी आमची बालवाडी संध्याकाळपर्यंत चालूच असते.

ताईने घरी सासूला फोन केला, आज उशीर होईल म्हणून. सासूने विचारले, काहून? ताई म्हणाली, "लेकराचं काम हाय, जिल्ह्याहून मानसं येऊन राहिली. कोनाले बोलू नका."

तेवढ्यावरून सासू समजली. मधल्या भिंतीतून रडणे तिने ऐकले होते, हे तिने मागाहून सांगितले. आणि मग तिने जे केले ते आमच्याच गावात होऊ शकते. आमच्याकडे एखाद्या घरी मोठे पाहुणे यायचे आहेत असे कळले की शेजारीण आधी जाऊन निरोप देते, घर आवरून ठेवा म्हणून. तिने तोच निरोप दिला. भावकीची अब्रू तिला वाचवायची होती, आणि तिच्या समजुतीप्रमाणे मुलीचेही भलेच करायचे होते. त्या आजीला ती म्हणाली, जिल्ह्याची माणसं येऊन राहिली, पोट्टीले चार दिवस पाहुनी धाडून दे.

मुले झोपली होती तेव्हा ती आजी दारात आली. खांद्याला कापडी पिशवी, पायांत बाहेरगावच्या चपला.

"मॅडम, पोट्टीले द्या. बपेऱ्याले माह्या लेकीकडे जाऊन राहिलो. तुमसरची गाडी धराची हाय."

बपेऱ्याच्या पलीकडे मध्य प्रदेश लागतो. मुलगी एकदा तिकडे गेली की तिला शोधायला दोन राज्यांची माणसे लागली असती, आणि तोवर वळ मावळले असते. मी दारात उभी राहिले. दार तसे अरुंद आहे आणि मी तशी रुंद आहे.

"तिच्या आईला बोलावलं आहे. ती आली की मग बघू."

हे खरे होते. टोळीच्या म्होरकीकडे मोबाईल असतो. आजी दिसताच ताईने मागच्या खोलीतून तिला फोन लावला होता.

"आई कायले पायजे? रोज तं मीच नेतो."

"आज आईच नेईल."

तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग आवाज खाली आणला. "तुमीबी त्यायच्या बाजूनं? इतक्या वर्साची आपली ओळख. आपल्या आईनं आपल्याले डागलं नाई का, मॅडम? मेलो का आपुन?"

"नाही मेलो," मी म्हटले. "पण आपल्याला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हिला आज विचारणार आहेत."

"मोठी कायदेवाली झाली. चार पोट्टे सांभाळते तं सरकार झाली." मग तिने माझ्या खांद्यावरून आत हाक मारली, "चाल वं, ऊठ!" झोपलेल्या मुलांतून ती मुलगी ताडकन उठून बसली आणि तिने दोन्ही हात कानांवर घेतले. ताई तिच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन बसली. मुलीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, मांडी घालून बसली, जसे कुणी जेवायला बसते.

आई आली ती धानाच्या बांधीतून धावतच. गुडघ्यापर्यंत चिखल, साडीचा ओचा तसाच खोचलेला. आजीने तिला श्वासही घेऊ दिला नाही. "सांग यायले, पोट्टी चुलीवर पडली म्हून. सांग ना."

आई उंबऱ्याशी उभी राहिली. सासूकडे पाहिले, मग आत मुलीकडे. मी तिला काही सुचवले नाही, तसे सुचवायचे नसते. मला वाटते, गावातल्या कुणीही त्या बाईला सासूसमोर मान वर करून बोलताना तोवर पाहिले नव्हते. ती म्हणाली, "नाई पडली."

"काय?"

"नाई पडली ते. अन् बपेऱ्याले जात नाई." मग ती आत येऊन मुलीजवळ बसली, चिखलाचे पाय बाजूला घेऊन, कारण फरशी नुकतीच पुसलेली होती.

आजी पिशवी घेऊन ओट्यावर बसली आणि तिथून हलली नाही. मी तिला पाणी नेऊन दिले. तिने ते प्यायले. आम्ही दोघी जिल्ह्याच्या गाडीची वाट पाहत एकाच ओट्यावर बसलो.

गाडीतून एक अधिकारी बाई आणि एक तरुण समाजसेविका उतरली. समाजसेविकेने मुलीसमोर मातीचा गोळा ठेवला आणि स्वतःही एक घेऊन बसली. बाकीच्यांना बाहेर काढले, मलासुद्धा. मी मुकाट्याने बाहेर गेले. मुलीने काय सांगितले ते मला आजही पूर्ण माहीत नाही, आणि माहीत असायचे कारणही नाही. साकोलीच्या दवाखान्यात तपासणी झाली, नोंद झाली, बालकल्याण समितीपुढे आईला बोलावले, नागपूरहून वडील आले. समितीने मुलीला आईजवळच ठेवले, पण त्या घरात नाही. बाजाराच्या बाजूला एक खोली घेऊन ती तिघे वेगळी राहू लागली. वडिलांनी नागपूरची नोकरी सोडून इथल्या राईस मिलमध्ये काम धरले. समाजसेविका अधूनमधून येऊन पाहून जाते. आजीवरची केस अजून चालू आहे.

गावाने आमच्यावर फुले उधळली असे समजू नका. बाजारात एकाने मला ऐकू जाईल असे विचारले, "आपली बालवाडी हाय का ठानं?" काही घरांनी मुले काढून घेतली. सकाळी हात धुवायची ओळ इतकी आखूड झाली की ताईचे काम पटकन आटपे आणि ती लोटा हातात घेऊन तशीच उभी राही. भावकीने तिच्या घरी येणे-जाणे बंद केले. मी तिला एकदा विचारले, पस्तावते आहेस का? ती म्हणाली, "घरी भाजी कमी येते भावकीकडून. बाकी काई नाई."

आणि तिची सासू! जिने निरोप दिला, तीच. पहिले काही दिवस ती सुनेशी बोलत नव्हती. मग एका सकाळी ती स्वतः बालवाडीच्या दारात येऊन बसली, सुपारी कातरत. मुलांना दुसरीकडे घेऊन जाणाऱ्या बाया रस्त्याने जाऊ लागल्या की ही मोठ्याने म्हणे, "जा वं, जा. जिथं लेकराच्या हाताकडे कोनी पाहत नाई, तिथं घाला." एकीने उलट विचारले, "तुमीच तं सांगाले गेल्या होत्या ना, काकू?" म्हातारी म्हणाली, "गेलती. बेअक्कल होती म्हून गेलती. तुमाले तं अक्कल हाय ना?" मला हसू आवरेना. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत बहुतेक मुले परत आली, आणि ज्यांनी आधी कधी घातली नव्हती अशा दोन घरांनीही घातली.

मोठे, तुला तुझ्या पाळणाघरात कधी असा फोन करायची वेळ येऊ नये असे मला वाटते. पण आली तर तुझ्या आधी एका करडीच्या मुलीने तो केला आहे, आपल्याच गावात, शेजारच्याच घराबद्दल, स्वतःचे पूर्ण नाव सांगून. मी इंग्रजीच्या कितीतरी बॅच शिकवल्या. माझे विद्यार्थी मोठमोठ्या ठिकाणी आहेत, त्यांचे मला कौतुक आहे. पण माझ्या कामाचे काय झाले असे कुणी विचारले, तर मला आधी ती दाराकडे तोंड करून घातलेली मांडी आठवते.

त्या आजीशी माझे बोलणे सुटले आहे. ते परत जुळेल असे मला वाटत नाही. वडे येत नाहीत. मुलगी आता प्राथमिक शाळेत जाते, अर्ध्या बाह्यांचा गणवेश घालते, आणि चटक्यांच्या जागा अजून दिसतात. ताई अजून आमच्या बालवाडीत शिकवते.